अक्काच्या हातचं कुंकू

कोप्पीकर रोडवरच्या एका सभागृहात आम्हा व्यापाऱ्यांसाठी व्याख्यान होतं. कोटवाला वक्ता पडद्यावर बाण काढून दाखवत होता, चळवळींमुळे समाज कसा बदलतो आणि धंदेवाल्यांनी त्यातून काय शिकावं. माझं दुर्गदबैलच्या बाजारात खणांचं दुकान. ओटीत घालतात ते चोळीचे खण. मी वहीभर टिपणं काढली, चहाबरोबर दोन बिस्किटं जास्तच खाल्ली आणि चळवळ शिकून घरी आलो.

घरी ती आधीच सुरू झाली होती. बायको म्हणाली, "अहो, यंदा चैत्रातल्या हळदीकुंकवाला कुंकू अक्का लावणार. नाहीतर हळदीकुंकूच नाही."

अक्का माझी थोरली बहीण, निवृत्त शिक्षिका. भावोजी गेल्यापासून अकरा वर्षं ती आमच्याकडेच असते. दर चैत्रात कैरीची डाळ तीच वाटायची, पन्हं तीच करायची आणि बायका यायला लागल्या की स्वयंपाकघरात जाऊन बसायची. विधवेच्या हातचं पन्हं चालायचं, कुंकू चालायचं नाही. अक्काचं बोट पुढे झालं आणि कुणी कपाळ मागे घेतलं तर? शिवाय, खरं सांगतो, त्याच बायका माझी गिऱ्हाइकं.

मग मी माझं ज्ञान पाजळलं. दुकानाबाहेर पाटी लावली: 'हळदीकुंकू आता सर्वांसाठी! तीन खणांवर चौथा मोफत, आपल्या विधवा भगिनींसाठी.' स्वतःवरच खूश होतो. तिसऱ्या दिवशी एक जुन्या गिऱ्हाईकबाई, त्याही विधवा, पाटी वाचत उभ्या राहिल्या.

"बर्री, या, आत बसा की," मी म्हणालो.

त्या जागच्या हलल्या नाहीत. "एन अण्णा, काय हे? म्हणजे आम्ही तिनावर एक फुकट?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. स्टुलावर चढून पाटी मीच काढली. माझ्याआधी बातमी घरी पोचली होती. रात्री बायकोनं जेवताना ताक वाढलं नाही; आमच्या घरात याहून मोठी शिक्षा नाही.

तिची रीत वेगळी होती. पाटी नाही, भाषण नाही. रोज संध्याकाळी एकाच घरी जायची आणि एवढंच मागायची, "तुमच्या घरी काही बदलू नका. फक्त या, आणि अक्काच्या हातनं कुंकू घ्या." सगळ्यांत आधी गेली ती गल्लीतल्या सगळ्यांत कडक काकूंकडे, ज्यांच्या सोवळ्याला दूधवालासुद्धा वचकून असतो.

मी म्हटलं, "अगं, सोपी गिऱ्हाइकं आधी धरायची!"

"सोप्या बायका काकूंकडे बघूनच ठरवतात की," ती म्हणाली. हे वक्त्यानं सांगितलं नव्हतं.

काकू मात्र "बघू" एवढंच म्हणाल्या होत्या.

हळदीकुंकवाच्या दिवशी साडेपाच झाले, सहा झाले, कुणी येईना. अक्का इरकली नेसून, करंडा घेऊन दाराशी उभी. मी आतल्या खोलीत घामाघूम. सव्वासहाला काकू आल्या.

"लाव की गं. म्हातारीला किती वेळ उभी करतेस?"

कुंकू लावून घेतलं आणि करंड्यात बोट बुडवून अक्काच्या कपाळालाही टेकवलं. मग दारासमोरच्याच खुर्चीत आठपर्यंत पन्हं पीत बसून राहिल्या. येणारी प्रत्येक बाई आधी त्यांचं कपाळ बघायची, मग आपलं पुढे करायची.

त्याच चैत्रात शेजारच्या गल्लीतून अक्काला बोलावणं आलं, मग कमरीपेठेतून, मग थेट धारवाडहून. बायकोच्या वहीत एकही बाण नव्हता. मुळात तिच्याकडे वहीच नव्हती.

महिना सरता सरता अक्का दुकानात आली.

"खण दाखव."

"कुणाला द्यायचाय?"

"मला शिवायचाय."

बाई समोर आली की तिला कुठला रंग खुलेल ते मी न विचारता सांगतो, अशी माझी बाजारात ख्याती. अक्कासमोर माझा हात गठ्ठ्यांवरून नुसता फिरत राहिला. अकरा भाऊबिजांना मी तिला काय दिलं होतं? स्टीलचे डबे, टॉर्च, तीन छत्र्या. विधवा बहिणीला खण देऊ नये असं मला कुणी सांगितलं नव्हतं. ते मीच ठरवून टाकलं होतं. फार लाज वाटली.

"अक्का, तुला कुठला रंग आवडतो गं?"

"पोपटी," ती म्हणाली. "पूर्वी तूच आणायचास."