एकशे आठवी पुतळी

वजन तंतोतंत आलं होतं. दोनशे तेरा ग्रॅम आणि वर आठशे चाळीस मिलिग्रॅम. देवीच्या दागिन्यांच्या वहीत लिहिलं होतं, 'गोफासकट तोळे अठरा, मासे चार.' मी कॅल्क्युलेटरवर दोनदा हिशेब केला. दोन्ही वेळा तोच आकडा आला.

"बघा मॅडम," मोडक सर म्हणाले, "एक गुंजसुद्धा इकडची तिकडे नाही."

मी पेनचं टोपण काढलं आणि रिपोर्टमध्ये 'वजन बरोबर' असं लिहून टाकलं. सही तेवढी राहिली होती.

मी व्हॅल्युअर आहे. दागिन्यात सोनं किती, ते कसलं आणि त्याची आजची किंमत काय, हे लिहून द्यायचं माझं काम. बँका बोलावतात, वाटणीवरून भांडणारे भाऊ बोलावतात, कधीकधी कोर्ट बोलावतं. त्या दिवशी शनिवार पेठेतल्या एका लहानशा देवीच्या ट्रस्टनं बोलावलं होतं. ट्रस्टचे नवे अध्यक्ष, नेने वकील, यांना देवीच्या दागिन्यांचा विमा काढायचा होता. विमा कंपनीला व्हॅल्युएशन रिपोर्ट लागतो. त्याआधी इतक्या वर्षांत देवीचे दागिने बाहेरच्या कोणी तपासलेच नव्हते. दरवर्षी ट्रस्टचे सेक्रेटरी वहीवर 'पाहिले, बरोबर' असं लिहून सही करत, आणि सगळे निर्धास्त असत.

ते सेक्रेटरी म्हणजे मोडक सर. गणिताचे रिटायर्ड मास्तर. पेठेतली निम्मी माणसं त्यांच्या हाताखाली शिकलेली, खुद्द नेने वकीलसुद्धा. इस्त्रीचा सदरा, खिशाला दोन पेनं, आणि समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यातली चूक काढायची सवय.

दागिन्यांत महत्त्वाची एकच वस्तू होती, पुतळ्यांची माळ. पुतळी म्हणजे नाण्यासारखी छाप उठवलेली सोन्याची गोल चकती. अशा चकत्या रेशमी गोफात ओवल्या की झाली माळ. ही स्वातंत्र्याच्याही आधीची. काम इतकं देखणं होतं की मी भिंग लावून उगाचच दोन मिनिटं जास्त बघत बसले.

सोनं तपासायची जुनी पद्धत म्हणजे कस लावणं. दागिना काळ्या दगडावर घासायचा, उमटलेल्या रेघेवर ॲसिडचा थेंब टाकायचा आणि रंग बघायचा. मी पिशवीतून कसोटीचा दगड काढला तसे मोडक सर खुर्चीतून अर्धे उठले.

"अहो, हे काय करताय? देवीच्या अंगावरचा दागिना आहे हा. तो कसाला लावायची आपल्याकडे पद्धत नाही."

तशी पद्धत नाही, हे खरंच. देवाच्या सोन्यावर ओरखडा काढायचा नाही, हे बहुतेक देवळांत पाळतात. अशा वेळी आम्ही रिपोर्टमध्ये 'दर्शनी तपासणीवरून' असे दोन शब्द घालतो आणि पुढच्या कामाला लागतो. मीही तेच करणार होते. मला दुपारी कर्वे रोडला एका बँकेत पोचायचं होतं, आणि पोटात कावळे ओरडत होते.

"बाई, जरा थांबा," दारातून आवाज आला. "ही माळ ती न्हाई."

ते दत्तोबा होते, देवीचे गुरव. सत्तरीच्या पुढचे. रोज लोणी काळभोरहून पहिल्या बसनं यायचे. देवीची पूजा, स्नान, शृंगार सगळं त्यांच्याकडे. तिथला नियम असा, की दागिन्यांची पेटी फक्त गुरवानं उचलायची. त्यांनीच ती आणून माझ्यापुढे ठेवली होती आणि मग ते उंबऱ्याशी हात जोडून उभे राहिले होते.

"दत्तोबा, तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे," मोडक सर शांतपणे म्हणाले.

"डोळ्यानं कोन सांगतंय सर? कानानं सांगतोय. चाळीस वर्सं ही माळ देवीला घातली. ती कधी वाजली न्हाई. ही वाजती."

मी माळ उचलून हलवली. छन्‌ असा स्वच्छ आवाज आला. चोख सोनं बद्द वाजतं. असं छन्‌ वाजते ती चांदी.

मग दुसरी गोष्ट डोक्यात आली, आणि स्वतःचीच लाज वाटली. ही माळ कित्येक वर्षं रिठ्याच्या पाण्यानं धुतलेली, पुसलेली, नेसवलेल्या शालूवर घासलेली. सोनं मऊ असतं, ते झिजतं. इतक्या वर्षांत दोन-चार ग्रॅमची घट यायलाच हवी. गोफसुद्धा मध्ये किती वेळा बदलला असेल. आणि वजन मात्र पहिल्या दिवसाचं! ते थोडं कमी भरलं असतं तर मला संशय यायचं कारण नव्हतं. मी मात्र तंतोतंत आकडा बघून खूश झाले होते.

"नेनेसाहेब," मी म्हटलं, "कस लावल्याशिवाय मी सही करणार नाही."

नेने वकिलांनी एकदा आपल्या मास्तरांकडे पाहिलं, आणि मग दत्तोबांकडे. "दत्तोबा, तुमची हरकत?"

"लावा. देवीची असती तर हात लावू दिला नसता."

मी एक पुतळी दगडावर घासली. पहिली रेघ पिवळी आली. त्याच जागी जोर देऊन दुसरी ओढली, ती पांढरी आली. वर सोन्याचा मुलामा आणि आत चांदी. चांदी सोन्याच्या जवळजवळ निम्म्या वजनाची, म्हणून वजन जुळवायला प्रत्येक चकती दुप्पट जाड केली होती. ज्यानं केलं त्याच्या हाताला दाद द्यावी असं काम होतं. मी तसं बोललेही. कोणी हसलं नाही.

मोडक सर मात्र डगमगले नाहीत.

"म्हणजे चोरी झाली. मग सरळ विचार करू. कपाटाला दोन कुलपं. एक किल्ली माझ्याकडे, एक दत्तोबांकडे. आषाढात मी माळ पॉलिशला नेली आणि चार दिवसांनी तीच परत आणून ठेवली. त्यानंतर नवरात्र. नऊ दिवस, नऊ रात्री माळ देवीच्या अंगावर. गाभारा कोणाच्या ताब्यात होता?"

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं.

"तुम्ही पॉलिशहून आनली तवाच वाजत व्हती," दत्तोबा म्हणाले. "मी तुमाला बोललो. तुम्ही म्हनला, गप बसा, किल्ली तुमच्याकडं बी हाय."

"याला पुरावा?"

पुरावा कुठला असणार? पावती नाही, साक्षीदार नाही. एकीकडे चाळीस वर्षं गणित शिकवलेले मास्तर, दुसरीकडे कमरेला किल्ली बांधलेला म्हातारा गुरव. नेने वकिलांनी पोलिसांना लावण्यासाठी फोन जवळ ओढला. त्या घडीला तिथं उभ्या असलेल्या कोणालाही विचारलं असतं तर त्यानं दत्तोबांकडेच बोट दाखवलं असतं. हे दत्तोबांनाही कळत होतं. तोंड उघडण्याआधीच कळत होतं. गप्प बसले असते तर मी सही करून निघून गेले असते आणि त्यांना कोणी कधी काही विचारलं नसतं.

"बाई," ते मला म्हणाले, "पुतळ्या मोजा."

मी मोजल्या. एकशे आठ.

"वहीप्रमाणे एकशे आठ," मोडक सर लगेच म्हणाले. "नगही बरोबर."

"देवीच्या एकशे सात हायत."

दत्तोबा खाली बसले आणि जमिनीकडे बघत बोलायला लागले. तीस वर्षांपूर्वी देवीला स्नान घालताना गोफ तुटला. पुतळ्या सांडल्या. सगळ्या वेचल्या, पण एक मोरीतून वाहून गेली. त्यांनी तेव्हाच्या सेक्रेटरींना सांगितलं. ते म्हणाले, वहीत लिहिलं तर तुझी नोकरी जाईल, राहू दे. ते वारले. वहीत एकशे आठ तसेच राहिले.

"चूक माजी हाय," दत्तोबा म्हणाले. "तिची शिक्षा द्या. पन ही माळ मी न्हाई बदलली."

मी या धंद्यात खोटं बोलणारी माणसं ढिगानं पाहिली आहेत. स्वतःचा बचाव करण्यासाठी स्वतःचाच गुन्हा कबूल करणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

नेने वकिलांनी फोन बाजूला ठेवला. "गोफ पुन्हा ओवला कोणी?"

"रविवार पेठेतल्या पटवेकऱ्यानं."

पटवेकरी म्हणजे दागिने रेशमात ओवून देणारा. आम्ही सगळे उठून तिथं गेलो, मोडक सरही आले. दुकानातला म्हातारा पटवेकरी दत्तोबांच्याच वयाचा. या लोकांची एक रीत असते. ओवायच्या आधी नग गिऱ्हाइकासमोर मोजायचे आणि आपल्या चोपडीत लिहून गिऱ्हाइकाची सही घ्यायची, म्हणजे मागाहून भांडण नको. त्यानं फळीवरून चोपड्या काढल्या, धूळ झटकली आणि तासाभरात तीन नोंदी दाखवल्या. वेगवेगळ्या वर्षांच्या. तिन्हींत 'पुतळ्या १०७', आणि खाली दत्तोबांची वेडीवाकडी सही.

"एक कमी, त्यामुळे दोन्ही बाजूंची जोडी लागत नव्हती," पटवेकरी म्हणाला. "म्हणून मधोमध मी लाल रेशमाची गाठ मारून द्यायचो. दर वेळी."

आमच्या माळेत गाठ नव्हती. एकशे आठ पुतळ्या ओळीनं, कुठे जागा मोकळी नाही.

आता हे शाळेतल्या गणितासारखं सोपं होतं. नक्कल करणाऱ्यानं फोटो पाहिला असेल, पण नग आणि वजन घेतलं ते वहीतून. खरी माळ हातात घेऊन मोजली असती तर एकशे सात आल्या असत्या, आणि वजनही कमी भरलं असतं. दत्तोबांनी नक्कल करवली असती तर एकशे सातचीच करवली असती. वही मोडक सरांच्या टेबलाच्या कुलपात असायची. दत्तोबांनी ती उघडूनही पाहिली नव्हती.

मी सरांकडे पाहिलं. ते चोपडीतला आकडा पुन्हा पुन्हा वाचत होते. आयुष्यभर दुसऱ्यांची उत्तरं तपासली, आणि स्वतःच्या कामात पडताळा घ्यायचा राहून गेला.

"वहीत एकशे आठ आहेत," ते हळूच म्हणाले. बस, एवढंच.

पुढचं पोलिसांनी केलं. नक्कल परगावी करून घेतली होती. खरी माळ वितळवून विकली होती, त्यातलं गुंजभर सोनंही परत मिळालं नाही. सांभाळायला म्हणून सोपवलेली वस्तू आपलीच समजून गिळंकृत केली, तर कायद्यात तो साधा व्यवहारातला घोटाळा राहत नाही, विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा होतो. मी कोर्टात दोनदा साक्ष दिली. मोडक सर येरवड्याला गेले. त्यांनी हे का केलं ते मला नीट कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

निकालानंतर नेने वकिलांनी नवी वही घातली आणि पहिली नोंद माझ्या हातानं व्हावी म्हणून मला बोलावलं. नोंद कसली करणार? माळच नव्हती. इतक्यात दत्तोबा आले. त्यांनी कनवटीची पुरचुंडी सोडली आणि माझ्यापुढे एक पुतळी ठेवली.

"ही तिची हाय. एक साल कांद्याला भाव आला तवा घडवली. वीस वर्सं झाली. पन ओवायची कशी? ओवली तर मोजनाऱ्याला आधीची कुठं गेली ते सांगावं लागलं असतं."

वाहून गेलेल्या पुतळीची भरपाई म्हणून त्यांनी ती करून ठेवली होती, आणि वीस वर्षं कनवटीला बांधून फिरत होते. मी वजन करायला घेतली, तर त्यांनी माझा हात धरला.

"आधी कस लावा बाई."

"दत्तोबा, आता देवीची आहे ना? कसाला कशी लावू?"

"अजून माजीच हाय. लावा."

मी लावला. चोख.

वहीत लिहिलं, 'पुतळी एक, रेशमी दोऱ्यात.' देवीच्या गळ्यात आता तेवढीच असते. तेव्हापासून एखाद्या जुन्या दागिन्याचं वजन वहीबरहुकूम आलं, की मी पेन बंद करते आणि दगड बाहेर काढते.