अकरा डबे

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्या पोटात काही राहत नाही असं बायकोचं ठाम मत आहे, पण हे राहिलं – चांगली काही वर्षं राहिलं. आता तुम्हाला सांगतोय. का, ते विचारू नका.

सुरुवात एका शब्दापासून करतो. माझं दुखणंच ते – मी शब्दापासून निघतो आणि माणसापर्यंत पोचायला उशीर करतो. गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात मी इंग्रजी शिकवायचो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पुण्यातल्या एका चर्चासत्रासाठी मी विषय घेतला – 'रॅन्सम' हा शब्द, इंग्रजीतला आणि अरबीतला. इंग्रजीत तो अपहरणाच्या बातमीत येतो, आणि तोच चर्चच्या प्रार्थनेतही येतो, माणसाच्या सुटकेसाठी दिलेलं मोल म्हणून. मराठीत आपण पहिल्याला खंडणी म्हणून मोकळे होतो आणि दुसऱ्याशी अडखळतो. अरबीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून मी चौक मंडईतल्या अन्वर मास्तरांकडे जाऊ लागलो. निवृत्त शिक्षक, सत्तरीचे. मधुमेहामुळे डाव्या पायाला झालेली जखम भरत नव्हती आणि डॉक्टरांनी चालायला सक्त मनाई केली होती.

मास्तरांनी सांगितलं – कैद्याला सोडवायला देतात तो फिदया. आणि आजारपणामुळे ज्याला रोजे धरताच येत नाहीत, त्याने प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाला जेवू घालायचं, तोही फिदयाच. मी भराभर लिहून घेतलं. मग विचारलं, पहिल्यात डांबून ठेवणारा आहे, इथे कोण आहे?

"कोई नहीं, सर," मास्तर हसून म्हणाले. "मांगनेवाला कोई नहीं. फिर भी मैं बंधा हूं ना."

इतकी वर्षं मी शब्द शिकवत होतो, पण एखाद्या शब्दाला इतकं बांधून घेतलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. खोटं नाही सांगत, त्या खोलीत मला देवळात बसल्यासारखं वाटायचं.

थंडीतला रमजान होता. मास्तरांचा फिदया म्हणजे एक डबा. भाभी, म्हणजे त्यांच्या पत्नी, दुपारी स्वयंपाक करायच्या. डबा जायचा गंजमाळला हलीमाबींकडे. हलीमाबी एकट्या, डोळ्यांनी अधू. रोजा त्या डब्यावरच सोडायच्या. तो न्यायचा कुणी? मी म्हणालो, माझी स्कूटर तिकडूनच जाते, मी नेतो. मला कुणी विनवलं नव्हतं. मी आपणहून बोललो – एवढं लक्षात ठेवा.

सुरुवातीला नेला. हलीमाबी स्कूटरचा आवाज ओळखून दारात येऊन उभ्या राहायच्या. "आ गया बेटा?" मग माझा हात धरून दुवा देत बसायच्या, चांगली पंधरा मिनिटं. मला ती पंधरा मिनिटं जड जाऊ लागली. चर्चासत्र जवळ आलं होतं, निबंध अर्धा राहिला होता. एका संध्याकाळी मी गंजमाळला वळलोच नाही, सरळ घरी जाऊन लिहीत बसलो. डबा स्कूटरलाच लटकत राहिला.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या नळावर मी तो घासला आणि मोकळा डबा मास्तरांना परत दिला.

"पहुंचा ना, सर?"

"पहुंचा."

इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. मग ते पुन्हा केलं. कधी डबा कॉलेजच्या वॉचमनला दिला, दोनदा मीच खाल्ला – भाभींच्या हाताला चव होती, आणि मी चवीने खाल्ला. तिकडे ती बाई दिवसभराच्या उपासानंतर दारात कान लावून उभी असेल हे मला ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. त्या संध्याकाळी मी काय लिहीत होतो? फिदयावरचा निबंध. असे अकरा दिवस. मोजलेले आहेत.

ईदला मास्तरांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. मी शीरखुर्मा खाल्ला, दुसरी वाटीही मागून घेतली. पुण्याला निबंध वाचताना शेवटी मी सांगितलं की असा फिदया मी स्वतः तीस दिवस वाहिला आहे. टाळ्या वाजल्या. निबंध छापूनही आला. त्यानंतर मी चौक मंडईत फिरकलो नाही.

तीन-चार वर्षांनी मास्तर गेले. मी भेटायला गेलो. भाभींनी चहा दिला, मी काही न विचारता त्या बोलत राहिल्या.

"वो साल ईद के बाद इनको क्या हुआ, पता नहीं. ग्यारा दिन मेरे से डबा बनवाया और खुद लेके गये गंजमाळ. पैदल, वो पांव लेके. मैं बोली, सर को बोलो ना. बोले, सर ने बहुत किया."

त्या चालण्यात जखम चिघळली. पुढे अंगठा काढावा लागला.

हलीमाबींनीच सांगितलं असणार. आणि मास्तरांनी मला एका शब्दाने विचारलं नाही. एवढं मोठं माणूस माझ्यासमोर रोज बसत होतं, आणि मी त्याच्याकडून एक शब्द तेवढा घेऊन गेलो होतो.

निघताना भाभी दारापर्यंत आल्या. "आपको बहुत याद करते थे," त्या कौतुकाने म्हणाल्या. "हर रमजान में बोलते, सर ने उन्नीस दिन मेरा डबा पहुंचाया, अल्ला उनको खुश रखे. मैं बोलती, उन्नीस कैसे, पूरा महिना ना? तो बोलते, नहीं, उन्नीस."

मी मान हलवली आणि जिना उतरलो.

निबंध अजून कॉलेजच्या वाचनालयात आहे. त्यात तीस लिहिलेलं आहे.