शेवंतीला इरलं

हे आत्ताच सांगितलं नाही तर मला चैन पडायची नाही. चुलीवर भात आहे, तो करपला तर करपू दे. आमची शेवंती फुलली.

तुम्ही म्हणाल, त्यात काय, मार्गशीर्षात कुणाच्याही दारात फुलते. फुलते ना. आमच्याच दारात फुलत नव्हती, आणि सासूबाई इथं राहणार की जाणार, हे सगळं तिच्यावर येऊन ठेपलं होतं.

थांबा, नीट सांगते. आम्ही खोपोलीला वीजघराच्या चाळीत राहतो, हे तिथंच कामाला आहेत. मामंजी गेल्यावर ह्यांनी आईला कशेळ्याहून इकडं आणलं. मी त्यांना आत्याबाई म्हणते. मला माझी आई आठवत नाही, त्यामुळे त्या आल्या तेव्हा मला काय झालं ते लिहीत नाही, तुम्ही हसाल. पण त्यांचा जीव काही इथं रमेना. "हितं सगळं लोखंडाचं हाय," म्हणायच्या. येताना पावसात पाठीवर घ्यायचं पानांचं इरलं तेवढं आणलं होतं, आणि ओल्या फडक्यात शेवंतीची पिलं, मुळाशी फुटलेली रोपं.

चाळीच्या कोपऱ्यावर खांबावर विजेचा दिवा आहे, तो रात्रभर जळतो आणि त्याचा उजेड थेट आमच्या दारात पडतो. आत्याबाईंना त्याचं भारी कौतुक. शेवंतीची जागा त्यांनीच ठरवली. "हितं उजेडात लाव गं. रातचीबी दिसंल. कशेळ्यात कुनाची दिसती का?"

मग आम्ही दोघींनी बाग लावली. बाग कसली, दारापुढची चार हात जागा आणि रॉकेलचे कापलेले डबे. पण श्रावणात तेरडा असा उसळला की वाट राहिली नाही, कुंपणावर निळी गोकर्ण चढली, गणपतीला जास्वंद घरचीच झाली. शेवंतीचे शेंडे आत्याबाई नखानं खुडायच्या. मला वाईट वाटायचं, तर म्हणायच्या, "खुडलं तरच फुटवे येतात. रडतीस काय?" फुटवे आलेच, झाड गुडघ्याएवढं, गच्च झालं. दसऱ्याला झेंडू झाला, दिवाळी आली, बाजारात शेवंतीच्या पाट्या आल्या, आणि आमच्या झाडावर नुसती पानं.

आत्याबाई रोज सकाळी पानं उलटून बघायच्या आणि आत यायच्या. एक दिवस म्हणाल्या, "माज्या हातची शेवंती फुलली नाय असं कवा झालं नाय. ही जमीन मला नको म्हनती. मी आपली जाते." आणि धाकट्या दिरांना गाडी घेऊन यायचा निरोपही धाडला. मी राख घातली, शेणखत घातलं, देवाला सांगितलं. काही नाही.

पाऊस सरल्यावर आत्याबाईंनी इरलं धुऊन झाडाशेजारी उभं करून ठेवलं होतं, ते कुणी हलवलंच नव्हतं. निरोप गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिथं झाडत होते, तर इरल्यामागच्या दोन फांद्यांना कळ्या. मोहरीएवढ्या, पण कळ्या. बाकी झाड तसंच. मी हाका मारमारून आत्याबाईंना बोलावलं. त्यांनी वाकून एकेक कळी बोटानं चाचपून बघितली.

संध्याकाळी खांबावरचा दिवा लागला तशा त्या बाहेर येऊन उभ्या राहिल्या. इरल्याची सावली बरोबर त्याच दोन फांद्यांवर पडली होती.

आता आत्याबाईंचं असं आहे, की दिवेलागणीनंतर त्या झाडाला हात लावू देत नाहीत. झाडं झोपतात. फोडणीला कढीलिंबाचं पान हवं असलं तरी दिवसाउजेडीच तोडून ठेवायचं.

"अगं," त्या हळूच म्हणाल्या, "ही झोपलेलीच नाय. रातभर डोळ्यावर दिवा. आनि तिला हितं आनून कोन बसवलं, तर मीच."

दुसऱ्या दिवसापासून उन्हं कलली की आम्ही झाडावर इरलं घालायचो आणि उजाडल्यावर काढायचो. शेजारीण म्हणाली, "काय गं, आभाळ भरून आलंय व्हय?"

आत्याबाई म्हणाल्या, "तुजा दादला रातपाळी करून आला की तोंडावर धोतर घेऊन निजतो का नाय? तसंच."

हळूहळू सगळ्या झाडाला कळ्या धरल्या. पण गाडीचा निरोप काही आत्याबाईंनी मागं घेतला नाही, आणि विचारायचा मला धीर होईना. भाताची झोडणी उरकून काल संध्याकाळी दीर आले. मी रात्री त्यांच्या वाटेच्या भाकरी बांधल्या, पीठ मळताना मला नीट दिसत नव्हतं.

आज सकाळी आत्याबाईंनी इरलं काढलं, तर तीन फुलं उमललेली. पिवळीजर्द. पहिलं त्यांनी देवाला ठेवलं. दुसरं माझ्या अंबाड्यात खोचलं आणि माझी मान धरून इकडून तिकडून बघितलं.

दीर म्हणाले, "आये, बैल जुपले. चल."

"मग जा की. भाकरी घे आनि जा."

"आनि तू?"

"पुढल्या खेपेला आबोलीची रोपं आन. मुळाला माती ठेवून आन, न्हाईतर वाळवून टाकशील. आनि माजी वाकळ आन."

"वाकळ कशाला आता?"

"हितं थंडी वाजती," आत्याबाई म्हणाल्या, आणि तिसरं फूल बैलाच्या कासऱ्यात अडकवून दिलं. दीर माझ्याकडं बघून हसले आणि रिकामी गाडी घेऊन गेले.

मैत्रिणींनो, मला खरं खरं सांगा. तुमच्या दारात कधी एखादं झाड असं अडून बसलं होतं का? आणि ते फुललं म्हणून घरातलं माणूस राहिलं, असं तुमच्याकडे झालंय का?