माझ्या नावाची सव्वा मूठ

कानबाईवर माझा विश्वास नव्हता, हे आधीच कबूल करतो. खरं तर तेव्हा कशावरच नव्हता. आई गेल्यावर मी जळगावात मेहरूणला खोली घेऊन एकटा राहत होतो, पाइपच्या कारखान्यात हजेरी लावत होतो आणि उरलेला सगळा वेळ वाचत होतो. अस्तित्ववादाची पुस्तकं. माणसाच्या असण्याला काही अर्थ आहे का, नसेल तर त्याने सकाळी उठायचं तरी कशाला, असं विचारणारी. वाचनालयातलं ते कपाट मी जवळजवळ संपवलं. पुस्तकांना दोष देत नाही; ती बिचारी प्रामाणिक होती. अर्थ आयता मिळत नाही, तो ज्याचा त्याने घडवायचा, असंही त्यांतली बरीच सांगत होती. पण मी पडलो उतावळा. प्रश्न तेवढे उचलले आणि पुढची पानं भराभर उलटली. जेवण सुटलं, झोप उडाली, फोन उचलणं बंद झालं. स्पष्टच लिहितो, मला जगायचं नव्हतं.

श्रावणात आमच्या खानदेशात घरोघरी कानबाई बसते. आमचं गाव दोंडाईचाजवळ. नारळाला नथ-दागिने घालून देवी मांडतात आणि घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेऊन त्याचे रोट करतात. रोट घरच्यांनीच खायचा, बाहेरच्याला द्यायचा नाही, कणभरही टाकायचा नाही. आमच्याकडे नावं घेऊन गहू काढायचं काम काकूचं. तिला सगळे अक्का म्हणतात. त्या वर्षी मी चुलतभावाला फोनवर सांगून टाकलं, "मला धरू नका. मी येणार नाही." कानबाईनंतरच्या मंगळवारी पुस्तकं परत करायची, खोलीची किल्ली मालकाच्या हातात द्यायची, म्हणजे मागे कुणाचं काही राहणार नाही, असं मी मनाशी ठरवलं होतं.

मंगळवारी दुपारी पुस्तकांची पिशवी घेऊन जिना उतरतो, तर खाली नाना! माझे काका, सत्तरी उलटलेले, गुडघ्यांनी बेजार, हातात स्टीलचा डबा. सोबत कोपऱ्यावरची केळीवाली मावशी, जिच्याशी केळी घेण्यापलीकडे मी कधी चार शब्द बोललो नव्हतो. नानांकडे माझा पत्ता नव्हता, मेहरूण एवढंच ठाऊक होतं. मेहरूणला उतरून त्यांनी दिसेल त्याला एकच खूण सांगितली होती, कायम हातात पुस्तक असतं असा माणूस. "मी म्हटलं, हे तर आपले पुस्तकवाले भाऊ," मावशी म्हणाली. "गाडी शेजारणीच्या भरवशावर टाकून आली मी. चार दिवस झाले, केळी घ्यायला आले नाही तुम्ही. बरं नव्हतं का?" ज्या पुस्तकांच्या आड मी सगळ्यांपासून लपलो होतो, त्यांनीच नानांना माझं दार दाखवलं होतं. दहा मिनिटं उशीर झाला असता, तर ते कुलूप बघून परत गेले असते.

वर आल्यावर नानांनी डबा उघडला. "आधी खाई ले. तुनी मूठ शे ही."

"नाना, मी सांगितलं होतं ना, मला धरू नका म्हणून?"

"सांगेल व्हतं रे भो. पन तुनी अक्का डोया मिटीसन नावं लेस. तुनं नाव तोंडमा उनं आनि गहू पडना. पडेल गहू काढता येस का?"

बाकीचा रोट घरच्यांनी संपवला होता. माझ्या वाट्याला मात्र अक्काने कुणाला हात लावू दिला नव्हता. ज्याची मूठ त्याच्याच तोंडात गेली पाहिजे, एवढंच म्हणत बसली. म्हणून हा म्हातारा माणूस गुडघे दाबत, रेल्वेत उभा राहून आला होता. त्यांनी पिशवीतलं एक पुस्तक काढून उलटसुलट पाहिलं.

"काय लिखेल शे येमा?"

"माणसाने कशासाठी जगायचं, ते."

"मंग? सापडनं का?"

"नाही."

"ऱ्हाऊ दे. तू खा पहिले."

रोट दोन दिवसांचा, कडक झालेला. पहिला घास गिळवेना. मग जितका रडलो, तितका आई गेली तेव्हाही रडलो नव्हतो. खाली पडलेले कण नाना बोटाने टिपून माझ्या हातावर ठेवत होते. डबा रिकामा झाल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं, पुस्तकं परत केल्यावर काय करणार होतो तेही. ऐकताना त्यांनी माझा हात सोडला नाही. संध्याकाळच्या गाडीने मला गावी घेऊन गेले. पुढे धुळ्याच्या डॉक्टरांकडे दाखवलं, बरेच महिने गोळ्या घेतल्या. मी तीही कानबाईचीच कृपा मानतो. तो चमत्कार होता का, हे मला ठाऊक नाही. मी नको म्हणत असतानाही माझं नाव घेतलं गेलं, एवढं ठाऊक आहे. अर्थ मीच एकट्याने शोधून काढायचा, हा हट्ट त्या दिवशी मी कानबाई मायच्या पायाशी ठेवला. पुस्तकं अजून वाचतो, पण आता शेवटच्या पानापर्यंत. पुन्हा मेहरूणलाच राहतो आणि मावशीकडची केळीही रोज घेतो, एखादा दिवस चुकला तर ती चांगलं झापते.

यंदा अक्काचे हात थरथरतात म्हणून गहू मी काढले. ती डोळे मिटून नावं घेत गेली, मी मूठ टाकत गेलो. माझं नाव आलं तेव्हा ती मूठ जरा सावकाश टाकली. नावं संपली. मग मी आणखी सव्वा मूठ घेतली आणि तिचं नाव घेऊन टाकली. उभा जन्म ती सगळ्यांना धरत आली, तिला कुणी कधी धरलं नव्हतं.

अक्काने डोळे उघडले. "येडा व्हयना का रे? बायास्नी मूठ नही ऱ्हास!"

नाना दारात बसले होते. "पडना ना गहू," ते म्हणाले. "आते काढता येस का?"

अक्काने ते गहू तसेच राहू दिले. आणि रोट खायला बसलो, तेव्हा नेहमीसारखी मागे न राहता ती आमच्याच पंगतीत येऊन बसली.