सातव्या वळणावरची शिट्टी

अमेरिकेतल्या आमच्या एडिसन गावात शनिवारी माणसं एकतर ओक ट्री रोडवर भाजी आणायला जातात, नाहीतर कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये पत्ते कुटत बसतात. शेजारचे प्रल्हाद मेश्राम मात्र पांढरे कपडे चढवून पेन्सिल्व्हेनियाच्या डोंगरात, शर्यतीच्या मोटारींना झेंडे दाखवायला जायचे. पगार नाही. दिवसभर उन्हात उभं राहायचं आणि वर दुपारी एक गार सँडविच. बँकेचं सॉफ्टवेअर तपासणाऱ्या शहाण्यासुरत्या माणसाला हे कसलं खूळ, असं मी त्यांना तोंडावर विचारलेलं आहे. "रीमाताई, एकदा या अन् बघा," एवढंच म्हणून ते हसायचे.

त्या जागेचं नाव स्टोनी रन. गाड्यांचं वेड असलेल्या कुणालाही हे सर्किट ठाऊक असतं. महायुद्धावरून परतलेल्या पोरांनी आधी तिथल्या गावच्या रस्त्यांवरच शर्यती लावल्या होत्या. त्यात प्रेक्षक चिरडले गेले, गावाने हात जोडले, आणि मग एका गवळ्याच्या चराऊ रानातून हा वेगळा रस्ता काढला. पुढे तिथे मोठमोठे ड्रायव्हर आले, त्यांची नावं झाली, काही तिथेच संपले.

सातवं वळण सगळ्यात वाईट. चढ संपतो आणि रस्ता एकदम डावीकडे खाली पडतो, त्यामुळे गाडी अगदी अंगावर येईपर्यंत दिसत नाही. वॉल्टर नावाचा झेंडेवाला फार पूर्वी तिथे मेला. जोडीदार जेवायला गेला होता आणि हा एकटाच उभा होता. तेव्हापासून नियम झाला की त्या वळणावर दोघांनी पाठीला पाठ करून उभं राहायचं. एकाने येणाऱ्या गाड्या बघायच्या, दुसऱ्याने गेलेल्या. ज्याची पाठ येणाऱ्या गाड्यांकडे, त्याचा जीव दुसऱ्याच्या शिट्टीवर. शिट्टी ऐकली की वळून बघायचं नाही, सरळ रस्त्याकडेच्या भिंतीमागे उडी टाकायची.

पहिल्याच दिवशी प्रल्हादभाऊंनी तिथे गोंधळ घातला होता. मैत्रीवहिनींनी हौसेने सगळ्यांसाठी दाण्याचे लाडू दिलेले. डबा उघडला तसे तिथले म्हातारे झेंडेवाले विंचू दिसावा तसे मागे सरले. तिकडच्या शर्यतींत शेंगदाणा म्हणजे भयंकर अपशकुन! हे ऐकून भाऊ पोट धरून हसले. "माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली तवा घरचे सगळे गंडेदोरे चुलीत घातले, अन् मी अमेरिकेत येऊन दाण्याला भिऊ काय?" त्यानंतर ते दर वेळी मुद्दाम भाजलेले दाणे घेऊन जायचे आणि सगळ्यांसमोर मजेत खायचे.

देव, दैव, भूत असलं काही भाऊ मानायचे नाहीत. म्हणून तर मुलीच्या नावाचं सगळ्यांना नवल वाटायचं. घरात रोज बुद्धवंदना, आणि मुलगी अदिती? वेदातली देवांची आई? नागपूरच्या नातेवाइकांनी तोंडं वाकडी केली. मैत्रीवहिनींच्या मनात संघमित्रा हे नाव होतं. भाऊ ऐकेनात. "कुठंतरी ऐकलं न् मनात बसलं," यापुढे त्यांची गाडी कधी गेली नाही.

गेल्या वर्षी त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला आणि सर्किटवाल्यांनी त्यांना वळणावरून उतरवलं. त्यांची जागा घेतली अदितीने. लहानपणापासून बापाबरोबर जाऊन वाढलेली पोर, कॉलेजात गेली तरी ते वेड सुटलं नव्हतं. आता बापाला आनंद व्हायला हवा की नाही? पण माणूस एकदम मुका झाला. एका दुपारी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसले, चहा निवला तरी कपाला हात लावला नाही.

"मैत्रीला सांगू नका," म्हणाले. "सातव्या टर्नवर मी शिट्टी ऐकली आहे. जोडीदाराची नाही, दुसरीच."

मला आधी चेष्टाच वाटली. पण त्यांचा चेहरा बघून मी खुर्ची ओढून समोर बसले.

नवीन होते तेव्हाची गोष्ट. पाठ गाड्यांकडे करून उभे असताना वरच्या उतारावरून, ओकच्या झाडाकडून शिट्टी आली. घोगरी, आत काहीतरी अडखळत असल्यासारखी. त्यांनी उडी टाकली, आणि ते उभे होते तिथे एक गाडी येऊन आदळली. जोडीदार रडवेला होऊन सांगत होता, मी शिट्टी वाजवलीच नाही, मला गाडी दिसलीच नाही. झाडाखाली कुणी नव्हतं. पुढेही अधूनमधून तो आवाज यायचा. त्यांच्याशिवाय कुणालाही ऐकू जात नसे. म्हातारे मात्र खात्रीने सांगायचे, हा वॉल्टर.

"पहिल्या वेळी शिट्टीच्या मागून कुणीतरी ओरडलं पण होतं," ते म्हणाले. "जाऊ द्या ते."

"मग अदितीला सांगा की सगळं!" मी म्हटलं.

"काय सांगू? भूत येऊन वाचवते म्हणून? डोळ्यांनी बघ, अकलेने तपास, मगच मान, हे जन्मभर शिकवलं तिला. अन् आता मीच हे खूळ तिच्या हातात देऊ?" त्यांनी निवलेला कप दूर सारला. "अन् नाही सांगितलं, अन् तिला काही झालं, तर?"

त्यांनी तिला सांगितलं नाही.

ऑक्टोबरातल्या शर्यतीला मी त्यांच्याबरोबर गेले, कारण त्यांना एकट्याला सोडवेना. दिवस वर आला तरी डोंगरावर धुकं होतं आणि ओली पानं बुटांना चिकटत होती. आम्ही त्या ओकखालीच बसलो. खाली भिंतीच्या अलीकडे अदितीचा पांढरा शर्ट दिसत होता. गाड्या धुक्यातून निघायच्या, किंचाळत वळायच्या आणि धुक्यात जायच्या. त्या गेल्या की इतकी शांतता व्हायची की मला उठून घरी पळावंसं वाटायचं.

भाऊंनी सवयीने गळ्यातली जुनी शिट्टी चाचपली. आतली बुचाची गोळी भुगा होऊन पडून गेली होती. त्यांनी खिशातला दाणा सोलला, त्याची एक पाकळी फटीतून आत दाबली. "घ्या, अपशकुनच भरला," म्हणून हसले. त्या दिवशीचं त्यांचं तेवढंच हसणं.

थोड्या वेळाने वळणापलीकडे एक गाडी गिरकी घेऊन गवतात गेली. तिच्यातून धूर येऊ लागला. अदितीचा जोडीदार आग विझवायचा सिलिंडर घेऊन तिकडे धावला. ती धोक्याचा पिवळा झेंडा हलवत त्याच्याकडेच बघत राहिली. तिची पाठ चढाकडे होती आणि मागे कुणीच नव्हतं.

वर उतारावरून आम्हाला दिसलं. चढावर एक लाल गाडी येत होती, आडवी झालेली, घसरत.

भाऊ उभे राहिले. त्यांनी शिट्टी तोंडाला लावली नाही. मान तिरकी करून ते कान देत होते. ते त्या दुसऱ्या शिट्टीची वाट बघत होते, हे मला कळलं. "वाजव," ते पुटपुटले. "अरे, वाजव ना."

काहीच वाजलं नाही.

मग त्यांनी शिट्टी तोंडात धरून छाती फुटेल अशी फुंकली, आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "अदिती!"

पोरीने वळून बघितलं नाही. ती भिंतीमागे पडली आणि लाल गाडी ती उभी होती तिथे आदळली.

शर्यत थांबली. अदिती चिखलाने माखून वर आली आणि बापाला बिलगली. "बाबा, आय डिडन्ट इव्हन सी इट," म्हणत ती हुंदके देत होती. मीही रडत होते, लाज कशाला वाटावी! भाऊ मात्र तिच्या डोक्यावरून तळहातावरच्या शिट्टीकडे बघत होते. त्यांचा चेहरा पार पांढरा पडला होता.

"भाऊ, पोर वाचली," मी म्हटलं. "वाजवलीत म्हणून वाचली."

"ताई, हाच आवाज," ते म्हणाले. "घोगरा, आत अडखळणारा. इतकी वर्षं ऐकतोय, मला वळखू येणार नाही काय? दाण्याचा आवाज आहे तो. वॉल्टर नव्हता. कुणी भूत नव्हतं. मीच होतो."

धुकं आमच्या पायांशी आलं होतं. मला विचारायचं नव्हतं, तरी तोंडातून गेलंच. "आणि मागून कुणी ओरडलं म्हणाला होतात, ते काय होतं?"

त्यांनी मुलीला आणखी जवळ ओढलं.

"हिचं नाव," ते म्हणाले. "मैत्रीला दिवस गेलेत, हे पण तवा आम्हाला ठाऊक नव्हतं."