सरूबाईंचा हात

सरूबाई गेल्याचा निरोप आला तेव्हा मी सोलापुरात, लेकाच्या घरी, उन्हात बसून ज्वारी निवडत होते. पुतण्याचा मुलगा पायातल्या चपलाही न काढता दारात उभा राहिला आणि म्हणाला, "आज्जी, थोरली आज्जी गेली." मी सूप खाली ठेवलं, आणि पहिल्यांदा मनात काय यावं, तर... आता मला बोलणार कोण? थोरल्या जाऊबाई म्हणून त्यांनी जन्मभर मला धारेवर धरलं. कालवणातलं मीठ, पोरांच्या सवयी, लुगड्याच्या निऱ्या, कशातूनच माझी सुटका नव्हती. तरीही या बाईपुढं मी मनातून कायम हात जोडून उभी असायचे. त्याला कारण एक दिवस. त्या जाऊन महिना होत आला, पण तो दिवस काही डोळ्यांसमोरून हलत नाही.

निजामाच्या राजवटीतली ती शेवटची वर्षं. आमचं गाव तुळजापूर तालुक्यातलं. त्या पावसाळ्यात जनावरांत बुळकांडीची साथ आली आणि पोळ्याला सजवलेले बैल दसऱ्यापर्यंतही राहिले नाहीत. आमचा गोठा ओस पडला, शेजाऱ्यांचेही पडले. पाऊस मात्र शेवटी शेवटी भरपूर झाला. रानात वाफसा आला, माती पेरणीजोगी झाली, आणि पेरायला बैल नाहीत. ओल उडाली की शाळूची ज्वारी गेली, मग वर्षभर गावानं खायचं काय? आशा उरली होती ती एका जुन्या ट्रॅक्टरवर. मामंजींनी, म्हणजे आमच्या सासऱ्यांनी, तो एका जहागीरदाराकडून हौसेनं आणला होता. लोखंडी दातेरी चाकं, धूर ओकणारं धूड. महायुद्धात रॉकेल मिळेना तेव्हापासून तो पोत्यांखाली झाकलेला होता. आता रॉकेल पुन्हा मिळू लागलं होतं, म्हणून त्याला बाहेर काढून रिकाम्या गोठ्यातच उभा केला.

पण त्याचं मागचं चाक डगडगत होतं. गावातले रहीमचाचा ट्रॅक्टर चालवायचे, पण दुरुस्ती करणारा मिस्त्री लांब हैदराबादला. आसाच्या टोपणाखाली कागदासारख्या पातळ पत्र्याच्या चकत्या असत. एखादी काढली की आतलं बेअरिंग आवळायचं, घातली की सैल व्हायचं. आमच्या माणसांनी बैलगाडीचाच हिशेब लावला. गाडीचं चाक आसावर सैल हवं, वंगण घातलं की झालं. तसं सैल सोडलं तर पहिल्या बांधापर्यंत जाईतो चाक खडखडायला लागलं. मग चिडून चकत्या काढल्या आणि करकचून आवळलं, तर बेअरिंग इतकं तापलं की ग्रीसचा धूर निघाला.

"आता चुकलं तर ते फुटंल," रहीमचाचा म्हणाले. "नवं येईस्तवर वल ऱ्हात न्हाय. मिस्त्री हातानं फिरवून बघायचा. जरासा ताण ठिवायचा म्हनायचा... पन जरासा म्हंजे किती, ते त्याच्या हाताला ठावं."

आम्ही दोघी दाराआडून ऐकत होतो. सुनांनी परक्या पुरुषांसमोर जायची रीत नव्हती. सरूबाईंनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि तरातरा निघाल्या. मी थांबवायला हात धरला, तो त्यांनी झटकला. गोठ्यातली माणसं बाजूला सरली.

"मामंजी, म्या हात लावून बघू का?"

मामंजी कधी सुनांशी थेट बोलत नसत. भिंतीकडं बघत म्हणाले, "ह्यातलं काय कळतंय?"

"ह्यातलं न्हाय कळत. जात्यातलं कळतंय."

जात्याचा वरचा दगड किती टेकवायचा, ते आम्ही बायका मधल्या खुंट्यावर चिंधी घालून ठरवायचो. दगड उचललेला राहिला तर भरड पडते, फार टेकला तर जातं ओढवत नाही आणि पीठ तापून करपतं. हे सगळं हाताला कळतं, डोळ्यांना नाही. मामंजी नको म्हणाले नाहीत, हेच पुष्कळ झालं.

चाक उतरवलेलं होतं. सरूबाई खाली बसल्या आणि डोळे मिटून नुसता आस फिरवू लागल्या. रहीमचाचांनी त्यांची मर्यादा राखून मान फिरवली, आणि त्या सांगतील तसं बोटांनी चाचपत चकत्या काढल्या, घातल्या, टोपण आवळलं. "भरड पडंल... अजून आवळा." पुन्हा फिरवणं. "आता पीठ करपंल. एक घाला. ती न्हाय, तिच्याहून पातळ." मी दारात उभी होते. एक शब्द बोलले तर घरातून हाकलतील अशी भीती मला, आणि या बाईच्या कपाळावर आठीसुद्धा नाही! शेवटी त्यांचा हात थांबला. "झालं. आता हाताला ताण कळतोय, पन हात अडत न्हाय."

"बस, बेटी," चाचा म्हणाले. "आता कोनी हात नका लावू."

चाक चढवलं, मागं पेरणीची पाभर जोडली आणि ट्रॅक्टर रानात गेला. सरूबाई चुलीपुढं बसल्या, पण थापता थापता दोन भाकरी त्यांच्या हातून मोडल्या. भीती त्यांना तेव्हा वाटली, सगळं करून झाल्यावर. उन्हं कलताना मामंजी सरळ स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आले. पाय चिखलानं भरलेले. आपला उजवा तळहात त्यांनी पुढं धरला, ग्रीसनं काळा झालेला.

"सूनबाई, चाकावर हात ठिवता येतोय. तापलं न्हाय."

मला वाटलं, आता या रडतील. सरूबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "मग हितं का उभं ऱ्हायलाव? वल चाललीया."

सासऱ्याला! आणि मामंजी खरोखर माघारी पळाले. त्या वर्षी आमचं रान पेरलं, शेजाऱ्यांची पेरली, गावानं शाळू खाल्ला. अशी बाई मी पुन्हा पाहिली नाही.

पुढं बैल आले, ट्रॅक्टर मोडीत गेला. सरूबाईंना मात्र एक खोड जडली. तुळजापूरच्या स्टँडवर एसटी लागली की माणसं जागा धरायला धावायची, आणि या मागच्या चाकाशी वाकून मधोमध तळहात टेकवायच्या. मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "चला की, जागा जाईल," म्हणत मी त्यांना ओढायचे. तेराव्याहून परतताना मी त्याच स्टँडवर एकटी होते. गाडी आली, माणसं दाराशी लोटली, आणि माझे पाय चाकाकडं वळले. वाकून तळहात टेकवला. कोमट होतं...

"आज्जी, चढा की, जागा जाईल," कंडक्टर ओरडला.

"जाऊ दे, बाबा," मी म्हटलं. हात काढवत नव्हता. जागा गेलीच. मी उभ्यानंच सोलापूरला आले.