पाण्यावर तरंगणारा तांदळाचा दाणा

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं तेव्हा मी लग्न होऊन चिखलीजवळच्या एका गावात आले. सासूबाई आधीच गेलेल्या. नणंदेचंही वर्षाच्या आत लग्न झालं. मग घरात उरलो तिघं : शाळामास्तर असलेले आमचे हे, मी आणि सासरे. सासऱ्यांना मी मामाजी म्हणत असे. ते वैद्य होते आणि त्यांच्या भस्मांना दुरून दुरून गिऱ्हाईक येई.

त्या घरातल्या सकाळी अजून मला अर्धवट झोपेत दिसतात. परसात खड्डा, खड्ड्यात गोवऱ्या, गोवऱ्यांच्या मधोमध संपुट, म्हणजे आत धातू ठेवून मातीनं लिंपून बंद केलेल्या मातीच्या दोन बशा. असं एकदा भाजलं की एक पुट झालं. धूर जमिनीलगत रेंगाळायचा, शेवग्याच्या खोडाला वेढायचा आणि मग कुठं जायचा कळायचं नाही. मी चुलीपाशी बसून तो बघत राही आणि माझी पहिली पोळी हमखास करपे.

भस्म झालं की मामाजी मला हाक मारायचे. काशाच्या वाटीत पाणी घेऊन त्यावर चिमूटभर भस्म सोडायचे. ते बुडायचं नाही, साय धरावी तसं वर पसरायचं. मग त्यावर ते तांदळाचा एक दाणा अलगद ठेवायचे. दाणाही तरंगायचा.

“पाह्य, सूनबाई,” ते हळूच म्हणायचे, जोरात बोललं तर दाणा बुडेल म्हणून. “आता हे कोनाले बाधत नाई. धातू मेला.”

खिडकीतून ऊन वाटीत पडायचं, पाण्याचा कवडसा वर आढ्याला हलायचा, आणि आम्ही दोघं वाटीवर वाकून श्वास धरून बसायचो. माहेरी मला इतक्या प्रेमानं कुणी काही दाखवलं नव्हतं. खरं सांगते, मला तेव्हा वाटे, या माणसाच्या हाताखाली काही वाईट होऊच शकत नाही.

मला दिवस गेले तेव्हा त्यांनी माझ्यासाठी खास भस्म केलं. गर्भ धरून ठेवणारं, त्यांच्या गुरूंकडून आलेलं. रोज सकाळी अनशापोटी ते स्वतः सहाणेवर मधात घोटून चमच्यानं माझ्या तोंडात घालत. पाचव्या महिन्यात मूल गेलं.

मामाजी तीन दिवस जेवले नाहीत. चौथ्या दिवशी म्हणाले, “माहीच चूक. वीस पुटं कमी पडली.” आणि पुन्हा खड्डा पेटला. दुसऱ्या खेपेचं भस्म पहिल्याहून बारीक होतं, दाणा त्यावर कितीतरी वेळ तरंगला. पाचव्या महिन्यात तेही मूल गेलं. त्यांनी पुन्हा गोवऱ्या रचल्या. औषधानं गुण आला नाही की त्यांना एकच सुचे, आणखी भाजायचं. औषधच नको, हे त्यांच्या मनात येणं शक्य नव्हतं. माझ्या तरी कुठं आलं?

तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा मी आनंदले नाही, घाबरले. गावातल्या बायका माझ्याकडे बघून नजर खाली घालत. हे रात्री माझ्या पोटावर हात ठेवून पडत, आणि मला तो हात जड वाटे. हे एक मूल तरी जगावं, याखेरीज मी काही मागत नव्हते.

तिसरा महिना लागला असेल. मी परसात भांडी घासत होते आणि मामाजी चुलाण्यावर लोखंडी पळीत काहीतरी वितळवत होते. एक वास आला. माझे हात राखेतच थांबले. तो वास माझ्या लहानपणाचा होता.

माझे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. जुने खिळे वितळवून नवे पाडत तेव्हा ते असाच वास घेऊन घरी येत. आम्ही पोरं धावायचो, तर आई मध्ये उभी. “आधी हात. शिसं हाये ते.” वडील राखेनं हात घासायचे, मग तळहात उलटेपालटे करून आईला दाखवायचे. तिनं मान हलवली की मगच ते आम्हाला उचलत. असं रोज.

“मामाजी, हे काय हाये हो?” मी विचारलं.

“शिसं. तुह्याच औषधाचं,” ते कौतुकानं म्हणाले. “या खेपेले साठ पुटं देतो.”

मी पुन्हा भांडी घासू लागले. दोन वर्षं ते मी खात होते. घरात त्याला कुणी शिसं म्हणतच नसे, औषध म्हणत. आणि ते मेलेलं होतं, पाण्यावर तरंगत होतं. पण माझ्या आईनं वडिलांच्या हातावरची धूळसुद्धा आमच्या अंगाला लागू दिली नव्हती.

बुधवारी गावात नर्सबाई येत. त्यांना गाठून विचारलं. त्या म्हणाल्या, “भस्मातलं मले काही कळत नाही, बाई. पन शिसं पोटात जाऊ देऊ नको. पोटुशीनं तर नाहीच.”

आता मामाजींना सांगायचं कसं? ‘तुमचं औषध नको’ म्हणायला माझी जीभ रेटेना. मी भित्री होते, आणि त्या माणसावर माझा फार जीव होता. मग मी लबाडी केली. सकाळी चमचा तोंडात घेई, जिभेखाली धरी, गाईला चारा टाकायच्या निमित्तानं परसात जाई आणि शेवग्याच्या बुंध्याशी थुंकून दहा चुळा भरी. मध्ये मामाजींनी काही विचारलं तर नुसती मान हलवी. “सूनबाई सकाळची लई मुकी झाली,” ते हसत म्हणायचे. मीही गाल फुगवून हसायचे.

पाचवा महिना आला. मी पावलं मोजून टाकत होते. पाचवा गेला. एका दुपारी ओसरीवर तूर निवडताना पोटात जोराची लाथ बसली आणि सूप हातातून पडलं. अंगणभर तूर. मी ती गोळा न करता बसून राहिले. आपल्या आत पाणी आहे, त्या पाण्यावर कुणीतरी तरंगतंय, बुडत नाहीये, एवढंच मला कळत होतं.

सातवा लागला आणि मामाजी बदलले. पारावर जाऊन बसू लागले, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले, “साठ पुटांचं हाये, साठ!” मला हसू येई, आणि खरं सांगून टाकावं असंही वाटे. पण मी म्हटलं, होऊ दे म्हाताऱ्याचा आनंद. कुणाचं काय जातंय?

थंडी पडली तेव्हा नणंद माहेरी आली. तिला तिसरा महिना होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चमचाभर औषध तोंडात घेऊन परसाकडे वळले, तर मामाजी सहाणेवर पुन्हा मध ओतत होते.

“बाबा, हे कोनाले?” तिनं विचारलं.

“तुले. वयनीचं पोट पाह्य तुह्या. दोन गेले, हे राह्यलं. याच्यानंच राह्यलं.”

तिनं माझ्याकडे बघितलं, इतक्या विश्वासानं, आणि तोंड उघडलं. चमचा तिच्या ओठांपर्यंत गेला. मला ओरडायचं होतं आणि माझं तोंड मधानं भरलेलं. गिळलं असतं तर बोलता आलं असतं. मी गिळलं नाही. पुढं होऊन मामाजींचं मनगट धरलं आणि दुसऱ्या तळहातावर, त्यांच्या डोळ्यांदेखत, तोंडातलं सगळं थुंकलं.

माझ्या हातावर राखाडी मध पसरला होता.

“मी घेतलं नाही, मामाजी,” मी म्हटलं. “तिसऱ्या महिन्यापासून रोज थुंकते. तिले देऊ नका.” मग वडिलांचे हात, आई, छापखाना, नर्सबाई, सगळं एका दमात सांगितलं. रडतही होते.

त्यांनी चमचा खाली ठेवला. बराच वेळ माझ्या तळहाताकडे बघत राहिले.

“आन् पहिल्या दोन खेपेले?”

खोटं बोलता आलं असतं. पण नणंद समोर होती.

“एक दिवस चुकवला नाही, मामाजी.”

ते उठले. काशाच्या वाटीत पाणी घेतलं, भस्म सोडलं, दाणा ठेवला. दाणा तरंगला, नेहमीसारखा. कवडसा आढ्याला हलत होता. “तरंगते तर हाये,” ते स्वतःशीच म्हणाले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. मी त्यांच्याजवळ बसले. दाणा बुडेपर्यंत आम्ही तिघंही तिथंच होतो.

ती दोन मुलं त्या शिशानंच गेली का, मला आजही ठाऊक नाही. बायकांची मुलं औषधाशिवायही जातात. मामाजींनी मात्र कधी ‘कदाचित’ म्हटलं नाही. त्यांनी ते भस्म पुन्हा केलं नाही, आणि पोटुशी बाई आली की ओसरीवरूनच सांगत, “बुधवारी ये. नर्सबाईले दाखव.” लोक म्हणाले, वैद्याची विद्या गेली. त्यांनी म्हणू दिलं.

मला मुलगी झाली. बारशाच्या दिवशी सगळ्यांनी तिला घेतलं. मामाजी दिसेनात. मी बघितलं तर ते परसात बसून राखेनं हात घासत होते, कोपरापर्यंत. मग ओलेच हात घेऊन माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि तळहात आधी सुलटे, मग उलटे करून दाखवले. “धुतले, बाई. पाह्य.”

मी मान हलवली. मुलगी चालायला लागेपर्यंत हे रोज चाललं. मी स्वयंपाकात असले तर ते हात पुढे धरून दारात थांबून राहत, आणि मी बघितल्याशिवाय त्यांनी तिला कधी उचललं नाही.